कोल्हापुरात राहून अ‍ॅनिमेशन शिकू पाहणाऱ्यांसाठी: पहिल्या वर्षाचा क्रम

बारावीचा निकाल लागला की ओळखीतले पालक मुलाला किंवा मुलीला घेऊन घरी येतात, चहा होईपर्यंत इकडचे तिकडचे बोलणे होते आणि मग ठरलेला प्रश्न येतो: "हिला अ‍ॅनिमेशन शिकायचे म्हणते, तर कोणते सॉफ्टवेअर घ्यावे?" मी गेली कित्येक वर्षे याला एकच उत्तर देत आलो आहे. पहिले सहा महिने कोणतेही सॉफ्टवेअर घेऊ नका. एक वही, कोऱ्या कागदांचा गठ्ठा आणि सेकंद मोजणारे घड्याळ एवढे पुरे. पालकांच्या चेहऱ्यावरून कळते की उत्तर पटलेले नाही, कारण शेजारच्या मुलाने लाखभर फी भरून संगणकाचा वर्ग लावलेला असतो. म्हणून ते उत्तर येथे सविस्तर मांडतो.

अ‍ॅनिमेशन म्हणजे हलणारी चित्रे असे आपण सहज म्हणतो, पण कागदावरचे एकही चित्र कधी हलत नाही. हालचाल पाहणाऱ्याच्या मनात उमटते, आणि ती कशी उमटावी हे एका चित्रापासून पुढच्या चित्रापर्यंत किती अंतर सोडले आणि त्या अंतराला किती वेळ दिला यावर ठरते. म्हणूनच स्पर्धेत बक्षिसे मिळवणारा विद्यार्थी या विषयात अडखळतो आणि काडीची माणसे काढणारा एखादा पुढे निघून जातो, असे वर्गात वारंवार दिसते. रेखांकन कच्चे असले तरी चालेल असा याचा अर्थ नाही. अंतर आणि वेळ यांचे शिक्षण चित्रकलेच्या तासाला मिळत नाही, ते निराळे घ्यावे लागते, एवढेच म्हणायचे आहे. आणि ते घेण्यासाठी आपले गाव फार सोयीचे आहे.

पहिली पायरी: हालत्या गोष्टी चितारणे

पहिले दोन महिने दररोज तासभर बाहेर बसून रेखाटन करावे. वही स्वस्तातली असावी, म्हणजे पान फुकट जाण्याची भीती वाटत नाही. आणि पेन्सिलीऐवजी साधे बॉलपेन घ्यावे, म्हणजे खोडरबराचा मोह राहत नाही. एका रेखाटनाला तीस सेकंद ते दोन मिनिटे द्यावीत. नाक-डोळे, कपड्यांवरची नक्षी, बोटांची नखे यांच्या वाटेला जाऊ नये. डोक्यापासून टाचेपर्यंत शरीराचा कल दाखवणारी एक रेघ आधी ओढावी, भार कोणत्या पायावर आहे ते पाहावे, आणि मग त्या रेघेवर छाती व कंबर बसवावी.

जागा निवडताना रंकाळा सगळ्यांना आठवतो, पण सुरुवातीला तो टाळावा असे माझे मत आहे. तिथे बसलेला विद्यार्थी हटकून संध्यामठ आणि पाण्यातले प्रतिबिंब काढू लागतो, म्हणजे निसर्गचित्राकडे वळतो. त्याऐवजी संध्याकाळी गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर जावे. तिथे म्हशी असतात, धारा काढणारे गवळी असतात, पेला हातात घेऊन उभे राहिलेले लोक असतात, आणि यांपैकी कोणालाही आपले चित्र निघते आहे याची फिकीर नसते. म्हैस चालताना पाय कोणत्या क्रमाने टाकते ते तिथे नीट पाहावे: मागचा डावा, पुढचा डावा, मागचा उजवा, पुढचा उजवा. बहुतेक विद्यार्थी न पाहता काढतात तेव्हा पुढचा डावा आणि मागचा उजवा एकाच वेळी उचलतात. ती दुडकी चाल झाली, संथ चालणे नव्हे. घोडा दौडताना त्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीवरून सुटतात की नाही, हा वाद अमेरिकेत मायब्रिज या छायाचित्रकाराने १८७८ साली एकापाठोपाठ एक छायाचित्रे घेऊन मिटवला, तोवर भलेभले चित्रकारही घोडे चुकीचे काढत होते. तेव्हा चूक झाली तर लाजू नये, फक्त पुन्हा कट्ट्यावर जावे.

दुसरी जागा तालीम. जाण्याआधी वस्तादांची परवानगी घ्यावी, चपला बाहेर काढाव्यात, आखाड्याच्या मातीत पाय ठेवू नये आणि फोन खिशातच ठेवावा. अ‍ॅनिमेशनच्या पुस्तकांत ज्याला 'अँटिसिपेशन' म्हणतात, म्हणजे मुख्य हालचालीआधीची उलट दिशेची तयारी, ती मला तालमीतच कळली. पवित्र्यात उभा असलेला मल्ल पुढे झेपावण्याआधी किंचित खाली बसतो आणि मागे जातो; मुरलेला मल्ल ही तयारी इतकी लपवतो की समोरच्याला डाव कळत नाही, आणि नवशिक्याची तयारी दहा हातांवरूनही ओळखू येते. अ‍ॅनिमेटरला मात्र नवशिक्या मल्लासारखे वागावे लागते, कारण आपला डाव प्रेक्षकाला आधी कळणे ही आपली गरज असते. धोबीपछाडीचे तीनच क्षण काढून पाहावेत: हात धरून वळलेला, पाठीवर भार घेतलेला आणि समोरचा हवेत असलेला. हे तीन क्षण बरोबर निवडले गेले तर मधली चित्रे जवळजवळ आपोआप सुचतात. अ‍ॅनिमेशनच्या भाषेत ही की-ड्रॉइंग्ज.

ज्या मुलींना तालमीत जाणे अवघड वाटते त्यांनी मर्दानी खेळाच्या पथकांचा सराव पाहावा. तिथे मुलीही खेळतात आणि शिकण्यासारखे तर तालमीपेक्षा जास्तच असते. दांडपट्टा फिरवणाऱ्याचे मनगट, कोपर आणि पात्याचे टोक यांनी हवेत काढलेल्या वाटा तीन रंगांच्या पेनांनी एकाच पानावर उतरवून पाहाव्यात. त्यात सरळ रेघ जवळपास सापडत नाही, सगळ्या कमानी असतात. आणि खांदा थांबल्यावर कोपर, कोपर थांबल्यावर मनगट, आणि सगळ्यांत शेवटी पाते थांबते. फेट्याचा शेमला तर खेळाडू स्थिर झाल्यावरही क्षणभर डुलत राहतो. हे एकामागून एक थांबणे चित्रात आले नाही की पात्र लाकडी बाहुल्यासारखे दिसते.

दुसरी पायरी: सेकंदाचे तुकडे

चित्रपटाच्या एका सेकंदात २४ फ्रेम, म्हणजे एकापाठोपाठ दिसणारी २४ स्थिर चित्रे असतात. हाताने काढलेल्या अ‍ॅनिमेशनमध्ये बहुतेक वेळा एक चित्र दोन फ्रेमसाठी ठेवतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रे लागतात. हा हिशेब तोंडपाठ असणे म्हणजे पाढे येण्यासारखे आहे. यासाठी फोनमधले स्टॉपवॉच घेऊन एक वेगळी वही भरावी: रिक्षातून उतरून भाडे देईपर्यंत किती सेकंद गेले, पानवाल्याने चुना लावून पान दुमडायला किती घेतले, महाद्वार रोडवर आजी देवळाकडे वळून हात जोडते तेव्हा हात किती वेळ जोडलेले राहतात. प्रत्येक आकड्याला २४ ने गुणून फ्रेम लिहाव्यात. महिन्याभरात घड्याळाशिवायही अंदाज बरोबर येऊ लागतो, आणि तो आला नाही तोवर पुढच्या पायरीवर जाण्यात अर्थ नाही.

तिसरी पायरी: चेंडू, शेमला, चाल

जगभर सगळीकडे पहिला धडा उसळत्या चेंडूचा असतो, आणि तो कंटाळवाणा समजून टाळणारे सगळीकडे सापडतात. हा धडा पुढे सांगितल्याप्रमाणे मोजून करावा.

ए-फोर कागद उभा धरून २५ सेंटिमीटरची उभी रेघ आखावी. वरच्या टोकापासून १, ४, ९, १६ आणि २५ सेंटिमीटरवर खुणा कराव्यात. खाली पडणारी वस्तू समान वेळात १, ३, ५, ७, ९ अशा वाढत्या प्रमाणात अंतर कापते, त्यामुळे या खुणांमधली अंतरे नेमकी तशीच पडली आहेत. रेघेच्या वरच्या टोकाला पहिला चेंडू आणि प्रत्येक खुणेवर पुढचा एकेक काढून प्रत्येक चित्र दोन फ्रेम ठेवले, की पाच टप्प्यांत १० फ्रेममध्ये चेंडू जमिनीवर येतो. एक मीटर उंचीवरून सोडलेल्या खऱ्या चेंडूला सुमारे ०.४५ सेकंद, म्हणजे अकराच्या आसपास फ्रेम लागतात, तेव्हा आपला कागद त्या मीटरचा एक चतुर्थांश नकाशाच ठरतो. पुढच्या उसळीला चेंडू जमिनीपासून १६ सेंटिमीटर वर न्यावा, त्यानंतरच्या उसळ्यांना ९, ४ आणि १. प्रत्येक वेळी उसळीच्या शिखरापासून खाली मोजत त्याच १, ४, ९, १६ च्या खुणा वापरायच्या. सगळे मिळून २५ टप्पे होतात, ५० फ्रेम, दोन सेकंदांहून किंचित जास्त. खरा चेंडू इतका हिशेबी नसतो, पण सरावाला हे गणित उत्तम आहे, कारण एकही अंतर डोळ्यांच्या भरवशावर राहत नाही.

एकदा हे जमले की त्याच रेघेवर लिंबू, क्रिकेटचा चेंडू, फुगा आणि फाउंड्रीतला लोखंडी गोळा पाडून पाहावा. चारही वेळा वर्तुळ तेच, बदलतात ती अंतरे आणि उसळ्या. पाहणाऱ्याला न सांगता गोळा आणि फुगा ओळखता आला तर तुम्ही वजन काढायला शिकलात. चेंडू जमिनीला टेकताना चपटा आणि वेगात असताना लांबट करण्याची युक्ती त्यानंतर वापरावी, आणि वापरताना त्याचे आकारमान तेवढेच राखावे. चपटा झाला तर रुंदही झालाच पाहिजे.

शेमल्याचा धडा म्हणजे डुलणाऱ्या पट्टीचा धडा, तो आठवडाभराचा आहे. चालीचा मात्र महिन्याभराचा. मध्यम गतीने चालणारा माणूस एका पावलाला साधारण अर्धा सेकंद घेतो, म्हणजे १२ फ्रेम, आणि दोन पावलांचे एक चक्र २४ फ्रेमचे. एका पावलाची चार चित्रे काढावीत: टाच टेकते तो क्षण, भार घेऊन शरीर खाली जाते तो, मागचा पाय उभ्या पायाला ओलांडतो तो, आणि शरीर सगळ्यांत उंच असते तो. दोन्ही पावलांची मिळून आठ चित्रे प्रत्येकी तीन फ्रेम ठेवली की एक सेकंदाची चाल तयार होते. डोके सरळ रेषेत सरकत असेल तर चाल चुकली, कारण चालणाऱ्या माणसाचे डोके लाटेसारखे वरखाली होते. ही साधी चाल बसली की मग कोणाची चाल ते ठरवावे: करकरणाऱ्या नव्या कोल्हापुरी चपला घालून निघालेल्या पाव्हण्याची, की पाठीवर दप्तर घेतलेल्या पाचवीतल्या मुलाची.

चौथी पायरी: घरचा स्टुडिओ

चित्रांखाली उजेड पाडणारी लाइट बॉक्स विकत घेण्याची गरज नाही. सुताराकडून उतरत्या पाठीची लाकडी चौकट करून घ्यावी, वर दुधी काच किंवा पांढरी अ‍ॅक्रिलिकची पाटी बसवावी आणि आत एलईडीची पट्टी लावावी. कागद एकमेकांवर नेमके बसण्यासाठी खुंट्या लागतात. व्यावसायिक स्टुडिओत मध्ये एक गोल आणि दोन्ही बाजूंना चपट्या खुंट्या असलेली पट्टी वापरतात. तिच्यासाठी वेगळे महागडे पंचिंग मशीन लागते. आपल्याला कार्यालयात फायलींसाठी असते ते दोन भोकांचे मशीन पुरते. त्याच्या भोकांचा व्यास सुमारे ६ मिलिमीटर आणि दोन भोकांच्या केंद्रांमधले अंतर ८ सेंटिमीटर असते. शिवाजी उद्यमनगरात एखाद्या लेथवाल्याला हे माप आणि पंच केलेला एक कागद नमुना म्हणून द्यावा, तो दोन खुंट्यांची पट्टी करून देतो. मला दिली त्याने "हे कशाला लागतं?" असे विचारले आणि उत्तर ऐकून पैसे घेतले नाहीत. कागद ७० किंवा ७५ जीएसएमचा झेरॉक्सचा पुरतो. पाचशे पानांचे एक रीम पहिल्या तीन महिन्यांत संपले पाहिजे.

चित्रे टिपायला फोन पुरतो. तो उलट्या टांगलेल्या स्टँडवर घट्ट बांधावा आणि स्टॉप मोशनच्या, म्हणजे एकेक फ्रेम सुटी टिपून जोडणाऱ्या एखाद्या अ‍ॅपमध्ये फोकस व एक्स्पोजर कुलूपबंद करावे. माझी पहिली फिल्म मी खिडकीपाशी नैसर्गिक उजेडात टिपली. श्रावण होता, दर दोन मिनिटांनी ढग येत होता, आणि पडद्यावर माझे पात्र दिव्याच्या खराब चोकसारखे लुकलुकत होते. तीन दिवसांचे काम गेले. तेव्हापासून खिडकी बंद आणि दोन्ही बाजूंना सारखे दिवे.

मातीची पात्रे घेऊन स्टॉप मोशन करणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कुंभार गल्लीतली शाडूची माती मूर्तीसाठी उत्कृष्ट, पण ती वाळते आणि सांध्यांत तडकते, त्यामुळे रोज थोडे थोडे वाकवायच्या पात्राला ती चालत नाही. त्याला न वाळणारी तेलकट माती घ्यावी आणि आत तारेचा सांगाडा घालावा. शाडू घरे, कट्टे, झाडांचे बुंधे यांसाठी वापरावा. फ्रेमगणिक टिपण्याचे हे तंत्र आपल्याकडे नवे नाही. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ अशीच दिवसांमागून दिवस टिपून ती पडद्यावर दाखवली, आणि त्या छोट्या फिल्मने त्यांना पुढच्या चित्रपटासाठी पैसा मिळायला मदत झाली.

पाचवी पायरी: गोष्ट चित्रात मांडणे

इथवर आलेल्या विद्यार्थ्याला हालचाल काढता येते, पण तेवढ्यावर फिल्म होत नाही. बहुतेकांची पहिली कल्पना राज्य, शाप, तीन युद्धे आणि वीस पात्रे अशी असते, आणि ती पाचव्या मिनिटाच्या स्टोरीबोर्डपाशी, म्हणजे गोष्ट चौकटी-चौकटींत मांडलेल्या कच्च्या चित्रांपाशी, कायमची थांबते. पहिली फिल्म तीस सेकंदांची, एका जागेची, एका पात्राची आणि शब्दांशिवाय असावी. गोष्ट एका वाक्यात सांगता यावी, आणि त्या वाक्यात पात्राला काहीतरी निवडावे लागलेले असावे.

उदाहरण घेऊ. पावसाळ्यात रंकाळ्यावर कणीस भाजणाऱ्या मावशींची छत्री वाऱ्याने उडू लागते, आणि त्यांच्याकडे छत्री धरायला किंवा शेगडी झाकायला एकच हात मोकळा आहे. एवढीच गोष्ट. आता ही आठ छोट्या चौकटींत मांडावी. चौकट काड्यापेटीएवढी, वेळ प्रत्येकी एक मिनिट. पहिल्या चौकटीत दूरवरून तलाव, वाऱ्याने वाकलेली झाडे आणि लहानशी शेगडी. दुसरीत कंबरेपासून वर मावशी, एका हातात पंखा, दुसऱ्यात छत्रीचा दांडा. तिसरीत फक्त निखारा आणि त्यावर पडून चर्र होणारा पहिला थेंब. चौथीत छत्री ताणली जाते, पाचवीत मावशींची नजर छत्रीकडून शेगडीकडे जाते. सहावीत दांडा सुटतो. सातवीत त्या पदर पसरून शेगडीवर ओणवतात आणि पाठ भिजू देतात. आठवीत पुन्हा दूरचे दृश्य, उलटी झालेली छत्री घेऊन पळत येणारा एक पोरगा.

या आठांत पाचवी चौकट सगळ्यांत महत्त्वाची आहे आणि नवशिके नेमकी तीच गाळतात, कारण तिच्यात काही 'घडत' नाही. पण निवड तिथेच होते. ती नसेल तर छत्री नुसतीच उडते. म्हणून तिला वेळही जास्त द्यावा, दीड-दोन सेकंद. छत्री उडण्याला अर्धा सेकंद पुरे.

दुसरी काळजी दिशेची. पहिल्या चौकटीत वारा डावीकडून उजवीकडे वाहत असेल तर तो शेवटपर्यंत तसाच वाहिला पाहिजे. छत्री आणि शेगडी यांना जोडणारी एक अदृश्य रेघ आहे असे समजून प्रत्येक दृश्य त्या रेघेच्या एकाच बाजूने पाहावे. मध्येच पलीकडे गेलात तर मावशींचे तोंड अचानक फिरल्यासारखे वाटते आणि प्रेक्षक गोंधळतो. कोरा कागद घेऊन जागेचा वरून दिसणारा नकाशा काढला आणि त्यावर कॅमेऱ्याच्या जागा बाणांनी दाखवल्या, तर ही चूक होत नाही.

चौकटी ठरल्या की त्यांचे फोटो काढून ठरलेल्या वेळेइतके एकापुढे एक लावावेत, फोनवर वाऱ्याचा आणि पावसाचा आवाज टिपून त्याखाली घालावा. याला अ‍ॅनिमॅटिक म्हणतात. तीस सेकंदांचा अ‍ॅनिमॅटिक दोन दिवसांत होतो आणि दोन महिने वाचवतो. गोष्ट कळत नसेल तर ती इथेच कळत नाही, आणि इथे दुरुस्तीला एक चौकट पुरते.

चित्रांतून कथा सांगणे शिकण्यासाठी एकदा पिंगुळीला जाऊन यावे. राधानगरीवरून फोंडा घाटाने कणकवली गाठली की पुढे कुडाळ आणि कुडाळला लागून पिंगुळी. तिथल्या ठाकर समाजाने चित्रकथी आणि बाहुल्यांचे खेळ पिढ्यानुपिढ्या जपले आहेत. परशुराम गंगावणे यांना त्यासाठी २०२१ साली पद्मश्री मिळाली. कथेकरी एकेक सुटे चित्र समोर धरून गातो, आणि चित्र बदलण्याचा क्षण गाण्यातल्या ओळीशी जुळलेला असतो. चित्र किती वेळ दाखवावे हे ठरवणारा हा माणूस मला आपल्या संपादकांचा पूर्वज वाटतो. चित्रे न्याहाळताना डोळ्यांचा आकार, पात्रांची तोंडे कोणत्या बाजूला वळलेली आहेत आणि मोकळी जागा कुठे ठेवली आहे, हे टिपून आणावे. शैलीची नक्कल करण्याची घाई करू नये.

गावातही बघण्यासारखे आहे. टाऊन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात आबालाल रहिमानांची चित्रे आहेत, राजारामपुरीत चंद्रकांत मांडरे यांचे कलासंग्रहालय आहे, आणि दसरा चौकातल्या शाहू स्मारक भवनाच्या दालनात प्रदर्शने भरत असतात. पार्श्वभूमी रंगवणाऱ्याने ही चित्रे 'इथे पात्र उभे केले तर ते दिसेल का' या एकाच प्रश्नाने पाहावीत. बाबूराव पेंटरांचे नाव आपण चौकाचौकांत घेतो, पण १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणणारा हा माणूस मुळात चित्रकार होता आणि चित्रीकरणाआधी वेशभूषा, पात्रे व त्यांच्या हालचाली यांची रेखाटने करून देत असे. आज आपण ज्याला प्री-प्रॉडक्शन म्हणतो ते शंभर वर्षांपूर्वी याच गावात चालले होते.

सहावी पायरी: पात्राला बोलते करणे

दुसऱ्या फिल्ममध्ये पात्राला एखादे वाक्य द्यावे. ओठांच्या हालचालींचे तक्ते परदेशी पुस्तकांत असतात, पण ते इंग्रजी उच्चारांसाठी केलेले असतात. आपली वर्णमाला मुळातच उच्चारस्थानांनुसार लावलेली आहे, त्यामुळे तक्ता आपल्या तोंडात तयार आहे. प-वर्ग ओष्ठ्य: प, ब, भ, म म्हणताना ओठ मिटतातच. कंठ्य, मूर्धन्य आणि दंत्य वर्ण तोंडाच्या आत होतात. बाहेरून दिसतात ते त्यांना लागलेले स्वर. म्हणून सहा तोंडे पुरतात: मिटलेले, 'व'साठी आणि 'फोन'मधल्या 'फ'साठी खालचा ओठ दातांना लागलेले, 'आ'साठी उघडे, 'ई' आणि 'ए'साठी ताणलेले, 'ऊ' आणि 'ओ'साठी गोल, आणि बाकी सगळ्यांसाठी दात किंचित दिसणारे अर्धवट उघडे.

"भावा, पाऊस आला बघ" हे वाक्य आरशात पाहून म्हणावे. त्यात ओठ तीनदा मिटतात: भ, प आणि ब. हे तीन क्षण नेमके सापडले तर बाकीची तोंडे थोडी पुढेमागे झाली तरी पात्र बोलते आहे असे वाटते. हे तीन चुकले तर बाकी सगळे बरोबर असूनही वाटत नाही. मिटलेले तोंड किमान दोन फ्रेम ठेवावे आणि चित्र आवाजाच्या एक-दोन फ्रेम आधी यावे. वाक्य टिपताना आपल्या घरात बोलतो तसेच बोलावे. कोल्हापुरी बोलीतला हेल पुस्तकी वाक्यात येत नाही, आणि हेल नसला की भुवया आणि मान कुठे हलवायची तेच कळत नाही.

सातवी पायरी: आता संगणक

क्रिटा, ओपनटून्झ आणि ब्लेंडर ही तिन्ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात. कागदावरून आलेल्याला क्रिटा सगळ्यांत ओळखीचे वाटते, कारण त्यात मागचे-पुढचे चित्र पुसट दाखवणारी ओनियन स्किन म्हणजे आपली लाइट बॉक्सच. ओपनटून्झमध्ये रंग भरणे आणि कागदावरची स्कॅन केलेली चित्रे वापरणे सोयीचे पडते, पण ते आधी फार त्रास देते. ब्लेंडरमध्ये त्रिमिती जागेत रेघ ओढता येते. त्याच्याकडे वर्षअखेरीस वळावे. पडदा नसलेला साधा ग्राफिक टॅबलेट पुरतो. पहिले पंधरा दिवस हात एकीकडे आणि डोळे दुसरीकडे यामुळे चिडचिड होईल. चेंडूचा धडा त्यावर पुन्हा करावा, हात जुळून येतो. नामावलीसाठी मुक्त किंवा बालू यांसारखे मोफत देवनागरी टंक घ्यावेत, आणि 'ल' व 'श' मराठी वळणाचे आहेत ना ते पाहावे. हिंदी वळणाचा 'ल' मराठी फिल्मच्या पहिल्याच पाटीवर दिसला की मला दाताखाली खडा आल्यासारखे होते, पण हा माझा वैयक्तिक आजार म्हणून सोडून द्यावा.

शिक्षणसंस्थांविषयी थोडक्यात. शाळेत असतानाच कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा द्याव्यात. रेखांकनाचे रीतसर शिक्षण गावातच कलानिकेतन आणि दळवीज आर्ट इन्स्टिट्यूट यांसारख्या जुन्या संस्थांत मिळते. बीएफए या कला पदवीसाठी राज्याची सामायिक प्रवेश परीक्षा, अहमदाबादच्या एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेसाठी डॅट ही परीक्षा आणि आयआयटी मुंबईसारख्या ठिकाणच्या डिझाइन पदवीसाठी यूसीड ही परीक्षा द्यावी लागते. तारखा आणि पात्रता दरवर्षी अधिकृत संकेतस्थळावरच पाहाव्यात. खासगी वर्ग लावायचा असेल तर शिकवणाऱ्याला एकच विनंती करावी: मागच्या वर्षीच्या विद्यार्थ्याने स्वतः पूर्ण केलेली एक फिल्म दाखवा. माझ्या एका विद्यार्थ्याने अशा वर्गात दीड वर्ष घालवले आणि बाहेर पडला तेव्हा त्याच्याकडे चार प्रमाणपत्रे होती, पण त्याच्या एकाही पात्राला चालता येत नव्हते.

आठवी पायरी: फिल्म संपवणे

तीस सेकंद म्हणजे ७२० फ्रेम, दोन-दोन फ्रेमच्या हिशेबाने ३६० चित्रे. पात्र स्थिर असते तेव्हा चित्र तेच राहते आणि चालीचे चक्र पुन्हा वापरता येते, त्यामुळे प्रत्यक्षात २४० च्या आसपास निघतात. दिवसाला दहा स्वच्छ चित्रे हा वेग कॉलेज सांभाळून जमणारा आहे. म्हणजे २४ दिवस. कच्च्या रेखाटनांना तेवढेच आणखी, रंग आणि आवाजाला पंधरा दिवस. दिवाळीच्या सुट्टीत सुरू केले तर संक्रांतीच्या आसपास फिल्म हातात येते. प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात दृश्याचा क्रमांक आणि चित्राचा क्रमांक लिहावा, कारण पंख्याच्या वाऱ्याने गठ्ठा एकदा तरी उडतोच.

तयार फिल्म आधी अशा माणसाला दाखवावी ज्याने स्टोरीबोर्ड पाहिलेला नाही. घरातली आजी उत्तम. आवाज बंद ठेवून एकदा दाखवावी आणि "काय झालं यात?" एवढेच विचारावे. समजावून सांगू नये. त्यांनी सांगितलेली गोष्ट आपण लिहिलेल्या एका वाक्याशी ताडून पाहावी, आणि जिथे फरक पडतो तेवढीच दृश्ये दुरुस्त करावीत. रेघ वाकडी आहे, रंग फिका आहे या तक्रारी वहीत लिहून पुढच्या फिल्मसाठी ठेवाव्यात.

मूळ फाइलींच्या दोन प्रती वेगवेगळ्या जागी ठेवाव्यात. कागदावरची चित्रे दृश्यानुसार लिफाफ्यांत घालून, लिफाफ्यावर तारीख आणि चित्रांची संख्या लिहून पत्र्याच्या पेटीत भरावीत, आणि जूनच्या आत ती पेटी माळ्यावर चढवावी. पंचगंगेचे पाणी २०१९ आणि २०२१ साली कुठवर आले होते ते ज्यांनी पाहिले त्यांना याचे कारण सांगावे लागणार नाही.